ताटावरचा हात

जून सरत आला की आमच्या गल्लीत बॅगांची चाकं खडखडू लागतात. कॉलेज हाकेच्या अंतरावर, त्यामुळं जवळजवळ प्रत्येक घराची वरची खोली मुलींना दिलेली. कुणी मोहोळची असते, कुणी करमाळ्याकडची. बरोबर बाप असतो, खांद्यावर गादीची गुंडाळी घेतलेला, आणि घर सापडल्यावर चपला दारात काढाव्यात की जिन्यात, याचा विचार करत उभा राहिलेला. मला हे दिवस आवडत नाहीत. पावसाचं नाव नाही, हवा कोंदट, नळाचा भरवसा नाही, आणि त्यात या मुलींचे चेहरे. शाळेत शिकवण्यात माझा जन्म गेला, पोरींच्या पिढ्या हाताखालून गेल्या. पण नव्या गावात पहिल्यांदा आलेल्या मुलीच्या चेहऱ्याकडं मला अजूनही सरळ बघता येत नाही.

यंदा वरच्या खोलीत जेऊरची वैशाली आली आहे. तिचे वडील सामान ठेवून दुपारच्या गाडीनं परत गेले. पहिल्या दिवशी खोलीतल्या मुलीनं माझ्याकडंच जेवायचं, हा माझ्या घरचा शिरस्ता. पिठलं होतं, भाकरी होती, शेंगाची चटणी होती. पहिली भाकरी तिनं बघता बघता संपवली. मी दुसरी घेऊन गेले तर तिनं ताटावर पंजा पालथा धरला आणि म्हणाली, "नको काकू, झालं माझं." डोळे मात्र टोपलीकडं होते. मी भाकरी हातात घेऊन तशीच उभी राहिले. माझे कान तापले. या वयात, स्वतःच्या स्वयंपाकघरात, कुणी काहीही बोललेलं नसताना मला लाज वाटली. आणि ती लाज इतकी जुनी होती, की तिचा वाससुद्धा मी ओळखला. तो ओल्या घोंगडीचा वास होता.

चौऱ्याहत्तर सालचा तो पावसाळा. आमचं गाव माळशिरसच्या बाजूला. गाव आपलं म्हणायचं, खरं तर माळावरची वस्ती. मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, आणि चारी बाजूंना वारा. मी शेवटचं वर्ष माळशिरसला मामाकडं राहून मॅट्रिक झाले, बरे मार्क पडले, आणि हेडमास्तरांनी आबांना गाठून सांगितलं की पोरीला सोलापूरला धाडा. आबा म्हणजे माझे वडील. त्यांना हेडमास्तरांचा शब्द मोडवत नव्हता आणि आईला माझं जाणं पटत नव्हतं. माझ्या आत्याचा मुलगा लग्नाचा झाला होता, ती गोष्ट घरात न बोलता सगळ्यांना माहीत होती. शेवटी आईनं आबांकडून एक कबूल करून घेतलं. नागपंचमीला मला आणायला जायचं, तेव्हा माझ्या अंगाकडं बघायचं. तिथलं पाणी मानवलं असेल तर परत धाडायचं. अंगानं उतरले असेन तर वळकटी बांधून कायमचं घरी आणायचं. आबांनी मान हलवली. मीही हलवली. मला वाटलं, यात अवघड ते काय आहे?

माझी वळकटी म्हणजे दोन घोंगड्या आणि एक वाकळ. एस.टी.च्या टपावर वाटेत ती भिजली, आणि वसतिगृहाच्या खोलीत सोडली तेव्हा आमची सगळी मेंढरं त्या खोलीत येऊन बसल्यासारखं झालं. माझ्या खोलीत बार्शीची सुलभा होती, वकिलाची मुलगी. ती चांगली होती. नाक मुरडलं नाही, काही बोलली नाही, फक्त उठून खिडकी उघडली. तिनं नाक मुरडलं असतं तर मी भांडले तरी असते. ती उघडलेली खिडकी मात्र मला पुढं कितीतरी दिवस बंद करता आली नाही. पाऊस आत यायचा, मी भिजत निजायची, घोंगडी पुन्हा ओली व्हायची आणि पुन्हा वास यायचा.

सोलापूर तेव्हा भोंग्यांवर उठायचं आणि भोंग्यांवर जेवायचं. गिरणीचा भोंगा झाला की रस्ता माणसांनी भरून जायचा. आमच्या मागच्या भिंतीपलीकडं मागांची खटखट दिवसभर चालू, आणि त्या खटखटीवर मात करून बायका एकमेकींशी तेलुगूत बोलायच्या. टांगेवाला दखनी उर्दूत ओरडायचा, भाजीवाली कानडीत हिशेब करायची. एका रस्त्यावर चार भाषा, आणि कुणाला कसली लाज नाही. मला एकच येत होती, आणि ती चारचौघांत बाहेर काढायची मला भीती वाटायची. वर्गात पहिल्या दिवशी सरांनी नाव विचारलं. "हौसा," मी म्हणाले. मागच्या बाकावर खुसखुस झाली. आबांनी मोठ्या हौसेनं ठेवलेलं नाव मी पुढं इतक्या हळू सांगू लागले, की सर दोनदा विचारायचे आणि खुसखुसही दोनदा व्हायची.

पण मला सांगायचं आहे ते जेवणघराबद्दल. लांबलचक खोली, भिंतीलगत पट्ट्या अंथरलेल्या, आणि प्रत्येकीनं आपापलं घरून आणलेलं ताट पुढं घेऊन बसायचं. माझं जर्मनचं, एका बाजूनं चेपलेलं. वाढायला शांतव्वा. ती अक्कलकोटच्याही पलीकडची, उंच, काटक, आणि चालणं असं की वाढत चालली आहे की पळत, ते कळू नये. पहिल्या फेरीला सगळ्यांना सारखं वाढलं जाई: दोन पोळ्या, आमटी, भाजी. पोळ्या कसल्या, वाऱ्यावर धरल्या तर उडतील. दुसऱ्या फेरीला ती टोपली घेऊन यायची आणि प्रत्येकीसमोर नुसतं "पोळी?" एवढंच म्हणायची.

पहिल्या दिवशी ती माझ्यासमोर आली. मी ताटावर पंजा पालथा धरला आणि म्हणाले, "नको."

शांतव्वा पुढं गेली.

मी हात तसाच ठेवून वाट बघत बसले. आमच्याकडं असं कुणी पुढं जात नाही. पाहुणा नको म्हणतो, वाढणारीनं असं कसं म्हणायचं, पाहुणा पुन्हा नको म्हणतो आणि ताटावर हात धरतो, मग वाढणारी त्या हाताखालून भाकरी सरकवते, पाहुणा लई झालं म्हणतो आणि जेवू लागतो. हे सगळ्यांना माहीत असतं. नको म्हणजे नको असा अर्थच नसतो त्याचा. पहिल्याच बोलावण्याला हो म्हणणारं माणूस म्हणजे अधाशी, घरी खायला न मिळालेलं. आणि दुष्काळात तर आमच्या घरी ती रीत नुसती रीत राहिली नव्हती. दोन वर्षांपूर्वी आई-आबा खडी फोडायला जात होते. रेशनच्या मिलोची, त्या लाल परदेशी ज्वारीची भाकरी असायची. सगळ्यांत आधी आईचा हात तिच्या ताटावर जायचा, मग आबांचा, मग माझा. आम्ही तिघंही एकमेकांना नको म्हणत असायचो, आणि धाकट्या भावंडांना मिळायचं. नको हा शब्द मी त्या वर्षी नीट शिकले. तो माझ्या तोंडात इतका बसला की विचार करायच्या आधी बाहेर पडायचा.

आठवड्याभरात मला कळून चुकलं होतं, की शांतव्वा दुसऱ्यांदा विचारणार नाही. मी काही मठ्ठ नव्हते. पण कळून उपयोग काय? टोपली दोन ताटं पलीकडं असायची तेव्हा मी मनाशी म्हणायची, आज म्हणायचं, वाढा. टोपली शेजारच्या ताटाशी यायची. सुलभा मान वर न करता, बोलता बोलता "दोन" म्हणायची. मला तिचीच लाज वाटायची, इतकं उघड कसं मागते ही. मग टोपली माझ्यासमोर यायची आणि माझा पंजा आपोआप ताटावर पडायचा. मग माझी मला लाज वाटायची. असं दोन्ही वेळेला, रोज. नाव हौसा आणि तोंडात कायम नको, असं माझं झालं होतं.

भूक म्हणजे काय ते आम्हा माळावरच्या माणसांना कुणी शिकवायला नको. पण दुष्काळातली भूक वेगळी होती, तिला लाज नव्हती. सगळ्या गावालाच होती ती. इथं टोपली भरून पोळ्या समोरून जात होत्या, त्या परत आत जात होत्या, आणि मी पोट आवळून बसत होते. तर्कशास्त्राच्या तासाला माझं पोट असं गुरगुरायचं की शेजारची मुलगी बाकाखाली बघायची. येताना आईनं शेंगांचं एक गाठोडं दिलं होतं. ते मी ट्रंकेत ठेवून, खोलीत कुणी नसताना, तोंड मिटून खायची. टरफलं टाकायची कुठं हा प्रश्न होता. ती मी पुन्हा ट्रंकेत कपड्यांखाली ठेवायची. महिन्यात शेंगा संपल्या आणि टरफलं राहिली. सुलभाला एकदा माझ्या साडीला चिकटलेलं टरफल दिसलं. तिनं ते अलगद काढून खिडकीबाहेर टाकलं. इतक्या चांगल्या वागणुकीनं माणूस किती हैराण होतं, ते तिला कधी कळलं नसणार.

एकदा तिनं विचारलंच, "तू इतकं कमी कशी जेवतेस? उपास असतात का तुला?"

मी हो म्हणाले. सुटकेचा दुसरा दरवाजा मला दिसला नाही. झालं, दोन दिवसांत वसतिगृहभर झालं की हौसा व्रतस्थ आहे. रेक्टरबाई स्वतः येऊन पाठीवरून हात फिरवून गेल्या. खेड्यातल्या मुलींनी अजून हे सांभाळलं आहे, असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. मुली माझ्याकडं आदरानं बघू लागल्या आणि त्या आदरापायी माझ्या पहिल्या दोन पोळ्यासुद्धा धोक्यात आल्या. एका गुरुवारी तर शांतव्वानं माझ्या ताटात पोळीऐवजी केळ ठेवलं. मी केळाकडं बघितलं, मुलींनी माझ्याकडं बघितलं. मी ते केळ डोळे मिटून खाल्लं. त्यांना वाटलं, मी देवाचं नाव घेते आहे.

आज हे लिहिताना हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं. पोलक्याच्या बाह्या सैल झाल्या होत्या. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. गळ्याची हाडं वर आली होती आणि मी पदर गळ्याशी घट्ट ओढून घ्यायची सवय लावून घेतली होती. पंचमी जवळ येत चालली होती. मला वर्ग आवडत होता. इतिहासाच्या बाई शिकवायला लागल्या की मला भुकेचाही विसर पडे. वाचनालयातली कपाटं बघून मला वाटलं होतं, ही सगळी संपवायची. आणि आता एवढ्याशा एका शब्दापायी हे सगळं जाणार, आत्याच्या घरच्या चुलीपुढं मी बसणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. तरी टोपली आली की पंजा ताटावर.

पंचमीच्या आधीच्या रविवारी आबा आले. रविवारी पालकांना वसतिगृहात येता येई आणि दुपारच्या पंगतीला जेवताही येई. दाराजवळ एक वेगळी पट्टी त्यांच्यासाठी टाकलेली असायची. मी जिन्यावरून खाली आले तर आबा व्हरांड्यात उभे. पटका, धोतर, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. तांबडं फुटायच्या आत निघाले होते, वस्तीपासून सडकेपर्यंत चालत येऊन गाडी धरली होती. मी पदर गळ्याशी ओढला. आबा मेंढरांतले. लांबून एखादं मेंढरू नुसतं बघून त्याला काय झालंय ते सांगणारे. माझ्या पदरानं त्यांच्यापुढं काय लपणार? त्यांनी एकदा माझ्या मनगटाकडं बघितलं, मग चेहऱ्याकडं, मग बाहेर अंगणाकडं.

"वळकटी बांध, हौसा," ते म्हणाले.

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. रागही नव्हता. मी तोंड उघडलं. सांगायचं होतं, आबा, पाणी मानवतंय मला, सगळं मानवतंय, फक्त मला जेवायला मागता येत नाही. पण हे बापाला कसं सांगायचं? ते विचारणार, देत न्हाईत का? देतात की. मग? मग मी नको म्हणते. मग म्हणती कशाला? पुढचं मलाच माहीत नव्हतं. मी वर गेले आणि वळकटी बांधली. घोंगडीत तोंड खुपसून थोडी रडले. सुलभा गावी गेली होती, ते एक बरं झालं. ट्रंकेतली टरफलं कागदात गुंडाळली. जेवणाची घंटा झाली आणि रेक्टरबाईंनी आबांना जेवून जायचा आग्रह केला. तेवढा एकच आग्रह मी त्या वसतिगृहात पाहिला.

आबा दाराजवळच्या पट्टीवर बसले. खरं तर पट्टीवर नाही. घोंगडीची घडी करून तिच्यावर बसले, ती बाहेर ठेवा म्हटलं तरी ठेवली नाही. मी समोरच्या रांगेत होते. मुली बघत होत्या. आबांनी पटका सारखा केला, ताटाभोवती पाणी फिरवलं आणि मान खाली घालून जेवू लागले. पहाटेपासून पोटात काही नसलेला, रानात राबणारा माणूस. त्या दोन पोळ्या त्यांना दोन घासाला पुरल्या. मला त्यांच्या रिकाम्या ताटाकडं बघवेना. रविवारी दुसऱ्या फेरीला भाकरी असायची. शांतव्वा टोपली घेऊन निघाली. पालकांच्या पट्टीपासून तिनं सुरुवात केली.

"भाकरी?"

आबांनी ताटावर पंजा पालथा धरला. "नगं बाय. लई झालं."

शांतव्वा पुढं गेली.

आबांचा हात तिथंच राहिला. ते मान खाली घालून वाट बघत होते. चेहऱ्यावर ते बारीक हसू होतं, पाहुण्याचं, आता ही भाकरी हाताखालून सरकवणार आणि आपण नाही-होय करणार, असं. टोपली पुढच्या ताटाशी गेली. तिथून त्याच्या पुढच्या. आबांनी डोळे थोडे वर केले. शांतव्वाची पाठ दिसली. हसू हळूहळू गेलं. हात मात्र होता तिथंच होता, भेगाळलेला, मोठा, रिकाम्या ताटावर पसरलेला. आता तो उचलायचा कसा, हे त्यांना कळत नव्हतं. उचलला तर दिसणार की तो उगाच ठेवला होता. मला ते सगळं कळत होतं, बोटाबोटापर्यंत कळत होतं. तो माझाच हात होता. माझ्या अंगात लाजेनं अशी आग पेटली, की वाटलं भुई दुभंगावी. मला त्यांची लाज नाही वाटली. त्यांच्यासाठी वाटली. माझ्या बापाला कुणी असं ताटकळत ठेवलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"शांतव्वा," मी म्हणाले. आवाज फुटला तो पार माळावरचा फुटला, मेंढरांना हाकारतात तसा. "शांतव्वा, माघारी या. आबास्नी वाढा. त्यांनी पहाटं घर सोडलंय. त्यास्नी भूक लागलीया."

सगळं जेवणघर थांबलं. मागांची खटखट तेवढी ऐकू येत होती. शांतव्वा वळली, आबांच्या ताटाकडं तिनं बघितलं, मग माझ्याकडं. ती माघारी आली. तिला राग आला असेल असं मला वाटलं, पण ती नुसती नवल करत होती.

"मग सांगायचं की," ती म्हणाली. "मला काय ठावं, बाई? बेकु तर बेकु, ब्याड तर ब्याड. आमच्यात पाहिजे असलं तर पाहिजे म्हणतात, नको असलं तर नको म्हणतात. एवढ्या पोरींत मी कुणाकुणाचा हात धरू?"

आबांनी ताटावरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. मान वर केली नाही. शांतव्वानं त्यांच्या ताटात भाकरी घातली, थांबली, आणखी एक घातली. मग ती खोली ओलांडून सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. टोपली कमरेवर. इतके दिवस ती माझ्यासमोर कधी थांबली नव्हती.

"आणि तुला?"

माझा पंजा ताटावर गेला होता. मला तो दिसत होता. समोरच्या रांगेतून आबांनी आता मान वर केली होती आणि तेही त्याच्याकडं बघत होते.

"मला बी," मी म्हणाले, आणि हात काढून घेतला.

मी किती जेवले ते कुणी विचारू नये. व्रतस्थ हौसाचं सगळं पुण्य त्या दुपारी धुऊन निघालं. मुली बघत होत्या, रेक्टरबाई दारात येऊन बघून गेल्या. माझे कान जळत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, नाकातूनही येत होतं, आणि मी खात होते. दुसऱ्या कुणी इथं लिहिलं असतं की त्या घासात मुक्ती होती वगैरे. तसलं काही नव्हतं. मला भयंकर लाज वाटत होती आणि भाकरी गरम होती.

नंतर हौदावर आबांनी हात धुतले. उपरण्यानं मिशा पुसल्या. बराच वेळ पुसल्या.

"किती दिस असं चाललंय?" त्यांनी विचारलं.

"आल्यापासनं."

ते हौदातल्या पाण्याकडं बघत राहिले. मला वाटलं रागावतील, किंवा हसतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं, कारण तेच माझ्याही चेहऱ्यावर होतं. मघाशी ताटावर हात धरून बसलेले असताना त्यांना जे झालं, ते मला रोज दोन वेळा होत आलं, हे त्यांना न सांगता कळलं होतं. काठी उचलून ते अंगणात गेले आणि तिथूनच, माझ्याकडं पाठ ठेवून म्हणाले, "ती वळकटी वरच ठिवून ये. पंचमीचं चार दिस तर जायाचं. तिचं वझं कशाला हिकडनं तिकडं?"

घरी आईनं माझं मनगट हातात घेतलं आणि तिचा चेहरा पडला. उतरलीया, ती म्हणाली, तुमी शब्द दिलावता. आबा म्हणाले, उतरलीया खरी. आता न्हाई उतरायची. का, ते तिनं विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं. आबांनी सांगितलं नाही. पोरीनं भरल्या पंगतीत बापासाठी भाकरी मागितली, हे सांगायची त्यांना लाज वाटत असणार. मीही सांगितलं नाही. त्या संध्याकाळी आई वाढत होती. आबांनी सवयीनं ताटावर हात धरला. आईनं सवयीनं तो बाजूला सारला आणि भाकरी सरकवली. आबांनी खाली मान घालून एकदाच माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. झाडाला झोका टांगला होता, धाकटी भावंडं त्यावरून भांडत होती, आणि आम्ही दोघं बापलेक काहीतरी चोरून आणल्यासारखे गप्प जेवत होतो.

पंचमी झाल्यावर मी परत आले आणि सोलापूरचीच झाले. शांतव्वानं त्यानंतरही मला कधी दोनदा विचारलं नाही. विचारायची ती एकदाच, आणि मी म्हणायची "वाढा," दर वेळी कान तापवून घेऊन. सुलभासारखं मान वर न करता म्हणायला मला कधीच जमलं नाही. अजून जमत नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलेबी घेऊन आला, की माझा हात आधी ताटावर जातो आणि मग मी त्याला परत बोलावते. माझ्या सुना हसतात. आबांना जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. ते पुढं कितीदा तरी सोलापूरला आले, माझ्या घरी जेवले. मी त्यांचा हात बाजूला सारून वाढायची आणि ते लई झालं म्हणायचे. त्या दुपारचं आम्ही कधी काढलं नाही. त्यांना दिसलेली माझी लाज आणि मला दिसलेली त्यांची, दोन्ही आम्ही एकमेकांपासून सांभाळून ठेवल्या.

आणि आता ही जेऊरची पोर माझ्यापुढं बसली आहे, ताटावर पंजा पालथा धरून. खरं तर मी तिला सांगायला हवं होतं. बाळ, इथं नको म्हटलंस तर माणसं पुढं जातात, मागायला शीक. मी भाकरी धरून तेवढ्यासाठीच थांबले होते. शब्द तोंडात आलेही होते. पण समोर तो हात होता, आणि वाट बघणारं ते बारीक हसू होतं, आणि मी पुढं गेले असते तर ते कसं विझत जातं हे मला माहीत होतं.

मागायला ती उद्या शिकेल. मी वाकले, तिचं मनगट धरून हात बाजूला केला आणि भाकरी ताटात ठेवली.

"लई झालं काकू," ती म्हणाली, आणि जेवू लागली.